बाबांचा राहिलेला भाग

आमचे बाबा, म्हणजे वरूडचे किसनराव, संत्र्याचे बागाईतदार आहेत. पण गावात ते ओळखले जातात ते अंतराळाची गोष्ट निघाली की समोरच्याला उठू न देणारे गृहस्थ म्हणून. याला कारण दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी एक जुनी मालिका. वाट चुकलेलं एक यान पृथ्वीचा रस्ता शोधत फिरतं, एवढीच तिची गोष्ट. यानाच्या भिंती थर्माकोलच्या, आणि कप्तानापुढची बटणं थेट आमच्या गॅसच्या शेगडीची. मी हसले की बाबा चिडतात. "आताच्या सिनेमात यान खरं दिसते अन् मान्सं खोटी," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

सिनेमाही ते बागेसारखाच जोखतात. बहार धरायच्या आधी संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताण नीट बसला की मग पाणी सोडायचं, झाड फुलून येतं. नव्या सिनेमावाल्यांना ताण देताच येत नाही, पहिल्या मिनिटापासून पाणी सोडून बसतात, असं बाबांचं मत. हे ते अमरावतीच्या थिएटरात, सिनेमा चालू असताना, मोठ्याने सांगतात. पुढच्या रांगेतले लोक वळून बघतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पण त्या मालिकेचा शेवटचा भाग बाबांनी पाहिलेलाच नाही. त्या रविवारी ते मोर्शीला मुलगी बघायला गेले होते. ती मुलगी म्हणजे आमची आई, जयवंता. तिच्या घरी टीव्ही होता, पण पाहुणे येणार म्हणून तो बंद करून वर विणलेला रुमाल घातलेला. पोह्यांची बशी यायला बराच उशीर झाला, आणि तोवर बाबा त्या रुमालाकडेच बघत बसले. इकडे वरुडात नेमकी लाईट गेलेली, त्यामुळे गावातही कोणी काही पाहिलं नव्हतं. यान घरी पोचलं का, हे बाबांनी अमरावतीच्या फळबाजारात विचारलं, अकोल्याच्या एसटीत विचारलं, कोणाला सांगता आलं नाही. "हिच्यापायी गेला माहा भाग," हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. आई ऐकून घेते आणि गवार मोडत राहते.

यंदा दिवाळीत मी घरी गेले, तेव्हा तो भाग मला मोबाईलवर सापडला. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून इंटरनेटवर टाकला होता. मी फोन टीव्हीला जोडला. बाबा धुतलेला सदरा घालून खुर्चीत येऊन बसले, आणि मला बटण दाबू देईनात.

"थांब, वर्षू," ते म्हणाले. "लय ताण झाला. आता पाणी सोडलं अन् झाड वाळलेलंच निंगालं तं?"

एरवी मी हसले असते, पण त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. शेवट फालतू निघाला तर इतक्या वर्षांचं प्रेम फुकट जाणार, ही त्यांची भीती खरी होती. मी त्यांना समजावत होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वाळलेलं नाई निंगत," ती म्हणाली. "चांगला हाय शेवट. मी पाह्यला."

मग तिने सगळं सांगितलं. पाहुणे आले तेव्हा ती घरात नव्हतीच. टीव्ही झाकला म्हणून ती साडी नेसून, केसात गजरा माळून, मागच्या दाराने शेजारच्या मैनाबाईंकडे जाऊन बसली होती. तिची आई दोनदा बोलवायला आली, तरी भाग संपेपर्यंत ती उठली नाही. पोह्यांना उशीर झाला तो त्यामुळे.

चिडावं की खूष व्हावं हे बाबांना कळेना. "इतके वर्षं सांगतलं काहून नाई व?"

"साऱ्या वऱ्हाडाले इचारलं तुमी," आई म्हणाली. "मले कधी इचारलं?"

बाबांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस," ते म्हणाले. "सांग मले. यान पोचलं का घरी?"

आई पदराला हात पुसत बसली. तिने सुरुवात केली ती त्या दिवशी नेसलेल्या साडीपासून, आणि बाबांनी तिला एकदाही 'पुढं सांग' म्हटलं नाही.