जाड सोलची माणसं

किश्श्यांचं घरातल्या रबरबँडसारखं असतं. मुद्दाम कुणी आणत नाही, पण खिळ्याला अडकवलेले वाढतच जातात.

आम्ही गारखेड्यातली चार माणसं रोज सकाळी पळतो. म्हणजे लांबून बघणाऱ्याला तसं वाटतं. पवार सर झेडपीच्या शाळेत गणित शिकवतात, वजन शंभराच्या पुढं. रफिकभाई मूळचे सिल्लोडचे, मक्याचे व्यापारी. साळवे सिस्टर एका दवाखान्यात नर्स. आणि मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला. मागच्या वर्षी सरांचा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "एक तर पळणं सोडा, नाहीतर चांगले जाड सोलचे, मऊ बूट घ्या."

सरांनी पळणं सोडलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

*

क्रांती चौकातल्या दुकानात आम्ही चौघंही गेलो. सेल्समननं एक बूट काढला. सोल एवढा जाड, की बूट कमी आणि ब्रेड जास्त वाटत होता.

"सर, ढगावर चालल्यासारखं वाटंल बघा."

"ढगावर चाललेला माणूस भेटलाय का तुम्हाला?" सरांनी विचारलं. "सिद्ध करून दाखवा."

सेल्समननं मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात एकजण वरून अंडं सोडतो, अंडं सोलवर पडतं आणि न फुटता टुणकन उडतं. सरांनी तो तीनदा बघितला आणि ते तडक दुकानाबाहेर गेले. गिऱ्हाईक गेलं म्हणून सेल्समन डबा आवरायला लागला, तर दहा मिनिटांत सर परत! हातात पिशवी, पिशवीत अर्धा डझन अंडी.

बूट काउंटरवर उलटा ठेवला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गोळा झाली. सरांनी खांद्याच्या उंचीवरून अंडं सोडलं. आणि काय सांगू, अंडं खरंच उडालं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच अंडं काउंटरच्या पलीकडं गेलं आणि फच्च!

सर वाकून बराच वेळ खाली बघत राहिले.

"सोल एक नंबर आहे," ते म्हणाले. "तुमची फरशी लई कडक आहे!"

*

त्याच दुकानात पळायचं मशीन आहे. त्यावर तुम्हाला पळवतात, मागून पायाची शूटिंग करतात आणि मग तुम्हाला कुठला बूट लागेल ते सांगतात. रफिकभाई हौसेनं चढले. दोन मिनिटांनी सेल्समन स्क्रीनकडं बघत गंभीरपणे म्हणाला, "तुमचे पाय आतल्या बाजूला पडतायत. ओव्हरप्रोनेशन आहे."

रफिकभाईंचा चेहरा पांढरा पडला. तिथूनच त्यांनी सिल्लोडला फोन लावला, "अम्मी, मेरे पाँव अंदर गिर रहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन जीप. मामू तेलाची बाटली घेऊन आले होते, खाला मेथीचे लाडू घेऊन. भेटायला एवढी माणसं आली म्हटल्यावर बरं दिसत नाही म्हणून रफिकभाई पलंगावर आडवे झाले. खालानं डोळ्याला पदर लावला. "डॉक्टर क्या बोले रे, बेटा?"

"डॉक्टर नै, खाला... जूतेवाला बोला."

मामूंनी तेलाची बाटली परत पिशवीत घातली.

"जूतेवाले कू पाँव दिखाया," ते उठत म्हणाले, "अब नाई कू दाँत दिखा!"

*

पवार वहिनी सरांपेक्षा बोटभर उंच. लग्नापासून प्रत्येक फोटोत सर टाचा उचलून उभे. नवीन बुटांनी मात्र हिशेबच फिरला. पुतणीच्या लग्नात सर जोधपुरी कोटाखाली पोपटी रंगाचे बूट घालून आले आणि फोटोग्राफरला म्हणाले, "आम्हा दोघांचा एक घ्या. उभ्यानं!"

वहिनी खोलीत गेल्या आणि उंच टाचेचे सँडल घालून बाहेर आल्या.

*

साळवे सिस्टरांची गोष्ट वेगळी. आठ-आठ तास वॉर्डात उभं राहून त्यांच्या टाचा इतक्या दुखायच्या, की वॉर्ड सोडून केसपेपरच्या खिडकीवर बसायला मागावं, इथपर्यंत त्या आल्या होत्या. पण खिडकीत त्यांचा जीव रमला नसता. शेवटी त्यांनीही तसलेच बूट घेतले, पांढरेशुभ्र. टाचा दुखायच्या थांबल्या. पावलांचा आवाजही थांबला!

वॉर्डात शुगरचे एक आजोबा होते. दुपारी सगळं सामसूम बघून त्यांनी उशीखालून गुलाबजाम काढला, तोंडाजवळ नेला, आणि कानाशी आवाज आला, "ठेवा खाली." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. आत गुलाबजाम, बाहेर सिस्टर!

शेजारच्या खाटेवर नवीन पेशंट आला तेव्हा आजोबांनी त्याला हळूच सांगितलं, "जपून राहा बाबा. ही बाई चालत नाय, उगवती!"

*

आता माझं सांगतो. क्वालिटीचा माणूस असल्यामुळं मी दुकानात भुललो नाही. घरी एक्सेलची शीट केली. सोलची जाडी, वजन, फोमचा प्रकार, पावसात घसरतो का, सगळे कॉलम. हा अभ्यास तीन महिने चालला आणि तेवढे दिवस चुकीच्या बुटात पळायला नको म्हणून मी पळणं बंद ठेवलं. "शीट तेवढी फिट झाली," असं बायको म्हणाली.

शेवटी ऑनलाइन मागवले. बॉक्स उघडला तर दोन्ही बूट डाव्या पायाचे!

कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, दोन्ही डावे आलेत."

"सर, आपके दोनों पैर लेफ्ट हैं?"

"पाय नाही हो, बूट!"

आठवड्यानं बदलीचा बॉक्स आला. दोन्ही उजवे. मी डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात पहिला जोड परत न्यायला माणूस दारात आला. त्यानं मोबाईल बघितला. "एक जोडी बूट. डावा एक, उजवा एक. आहेत का?"

मी बायकोकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आहेत की!" आम्ही दोघंही म्हणालो.

*

आणि हा मागच्या महिन्यातला. सरांची आई डोळे दाखवायला गावाकडून आली होती. वय ऐंशीच्या आसपास. गुडघ्यांमुळं दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. गाडीतून सरांनी तिला अक्षरशः उचलून आत आणलं होतं. रविवारी सकाळी सर उठले तर आईची खाट रिकामी. दाराशी सरांचे बूटही नाहीत.

सरांचा फोन आला. आम्ही चौघं चार दिशांना निघालो. सिस्टरांनी तीन दवाखान्यांत फोन केले. शहरात तिला एक रस्ता माहीत नाही, डोळ्यांना धड दिसत नाही. तासाभरानं रफिकभाईंचा फोन, "मिल गई! क्रांती चौक!"

गेलो. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर आणि खाली सरांचे पोपटी बूट, आत तीन जोडी मोजे कोंबलेले. म्हातारी चौकाला वळसा घालून परत गारखेड्याच्या दिशेनं निघाली होती.

सर रडायचेच बाकी होते. "आई, कुठं निघाली होतीस गं?"

"कुठं नाय. थांबायचं सुचलंच नाय बघ."

रफिकभाईंनी गाडी आडवी लावली. "अम्माँ, बैठो. घर छोडता."

"तू हो पुढं, बाबा. मी येते मागून."

थांबायला तयारच होईना. मग ती पुढं आणि आम्ही चौघं मागं, अशी वरात गारखेड्याकडं निघाली. सर घरातल्या स्लिपरवरच आले होते. अर्ध्या रस्त्यात त्यांचा दम तुटला. कमरेवर हात ठेवून त्यांनी हाक मारली, "आई, जरा हळू चाल गं!"

तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"तू बूट घे की चांगले!"