टिटवीसाठी शेंदूर

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून एका देवाची स्थापना झाली. तसा माझा विचार नव्हता.

मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि जुळे सोलापूरच्या पुढं माळावर एक प्लॉट घेऊन ठेवला होता. त्याच्या मधोमध टिटवीनं चार अंडी घातली. घरटं वगैरे काही नाही, नुसते खडे सारून केलेली बशीएवढी जागा! माझी मुलगी प्राजक्ता माळावरचे पशुपक्षी जपणाऱ्या एका गटात आहे. शिक्षक, रिक्षावाले, लूमवर काम करणारे असे हे लोक रविवारी पाणवठे भरतात, वणवा लागला की विझवायला धावतात आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची राखण करतात. आमच्या टिटवीसाठीही पाळ्या लागल्या. मी घरात रिकामा होतो, म्हणून सकाळची पाळी मला मिळाली.

"बाबा, लांब बसायचं," प्राजक्तानं बजावलं. "मुरमाचे ट्रॅक्टर प्लॉटमधून आडवे घुसतात, त्यांना वळून जायला सांगायचं. बाकी काही करायचं नाही."

"एवढं कळतं मला!"

"बाकी काही म्हणजे काहीच नाही, बाबा."

(पोरगी मला चांगली ओळखून आहे.)

ट्रॅक्टरवाले फार सभ्य होते. मी हात हलवला की "व्हय व्हय काका!" म्हणायचे आणि सरळ प्लॉटमधून जायचे. एके दिवशी तर मोठं चाक अंड्यांपासून हातभर अंतरावरून गेलं. टिटवी पळाली नाही. पंख पसरून त्या धुडासमोर ओरडत उभी राहिली. आता बसून राहण्यात अर्थ नव्हता.

आमच्या ऑफिसच्या जिन्यात पूर्वी लोक पान खाऊन थुंकायचे. कोपऱ्यात देवांची चित्रं असलेल्या फरशा बसवल्या आणि थुंकणं बंद झालं. ते आठवून मी एक गुडघाभर दगड आणला, अंड्यांच्या अलीकडं, ट्रॅक्टरच्या वाटेत उभा केला आणि तेलात कालवून शेंदूर फासला. पुढचा ट्रॅक्टर आला, थबकला, ड्रायव्हरनं हात जोडले आणि वळसा घालून गेला! इतका साधा उपाय गटातल्या कुणालाच कसा सुचला नव्हता, याचं मला नवल वाटलं.

दोन दिवसांत दगडापुढं पहिला नारळ फुटला. खोबऱ्यावर कावळे आले, प्रसादाच्या साखरेवर मुंग्या आल्या आणि कावळ्यांवर भुंकायला कुत्री आली. टिटवी सगळ्यांना पिटाळून दमली. मधून मधून ती माझ्याही टकलावर झडप घालायची. तिचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही.

"बाबा, काय करून ठेवलंत हे?" प्राजक्ता कपाळाला हात लावून म्हणाली. "काढा तो दगड!"

मी काढणारच होतो. पण शनिवारी सकाळी तिथं गेलो, तर दगडापुढं बाया जमलेल्या आणि सर्वांत पुढं, ताट घेऊन, बार्शीहून आमच्याकडं राहायला आलेली माझी सख्खी आत्या!

"अरं दिलीप, तुज्या जागंत देव परगटला आन् तू घरात बोलला न्हाईस?"

"आत्या, अगं, तो देव नाही—"

"गप! कान धर!"

मी कान धरले. (सगळ्या बाया बघत होत्या.)

तेवढ्यात सिद्राम ट्रॅक्टरवाला काखेत जिवंत कोंबडं घेऊन आला. "ह्यो म्हसोबा हाय. ह्येला कोंबडं लागतंय की!" असं म्हणून त्यानं कोंबडं खाली सोडलं आणि ते थेट अंड्यांकडं निघालं. टिटवी किंचाळली. मीही किंचाळलो.

"मारुती आहे! मारुती! शाकाहारी आहे!"

सिद्रामनं झेप घालून कोंबडं धरलं. सगळे माझ्याकडं वळले.

"तुमाला कसं ठाव?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. "मला दृष्टांत झाला," मी म्हणालो.

आत्यानं ताट खाली ठेवलं आणि मला वाकून नमस्कार केला! मग मीही हात आखडता घेतला नाही. "मारुतीराया अनुष्ठानाला बसलाय," मी डोळे मिटून सांगितलं. "टिटवी त्याची राखणदार. तिची पिल्लं चालायला लागेपर्यंत कुणी प्लॉटात पाऊल टाकायचं नाही. नारळ तिकडं, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली फोडायचे."

आणि लोकांनी ते पाळलं. ट्रॅक्टर लांबून जाऊ लागले, कावळे लिंबाकडं गेले. सिद्राम तर स्वतः उभा राहून लोकांना थोपवू लागला. एका सकाळी चारही अंडी फुटली आणि काही वेळातच कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं लटपटत आईमागं निघाली. मला हुंदकाच आला. प्राजक्तानं सगळ्या गटासमोर मला मिठी मारली.

त्याच आठवड्यात रविवारी घरात मटण शिजलं. मी हात धुऊन पाटावर बसलो. सगळ्यांच्या ताटात रस्सा आणि कडक भाकरी आली, माझ्या ताटात दहीभात आला.

"हे काय?"

"ज्याला मारुतीचा दृष्टांत झाला, त्याच्या ताटात मटण?" आत्या कडाडली. "जल्मभर न्हाई आता!"

बायकोनं मान खाली घातली. ती हसत होती हे मला दिसत होतं.

मी प्राजक्ताच्या कानाशी लागलो. "सांग ना आत्याला, दृष्टांत खोटा होता म्हणून."

"बाबा, आत्ता नको," ती नळी फोडत कुजबुजली. "पलीकडच्या प्लॉटवर दुसऱ्या टिटवीनं अंडी घातलीत."

मारुतीच्या भगतानं मुकाट्यानं दहीभात कालवायला घेतला.