हेकरूचं पोट

माशाचं तोंड बघून तो कुठल्या पाण्यातला ते चांदणी सांगते आणि सहसा चुकत नाही. डोंगरीहून आधी रिक्षा, मग बस करत ती शांती नगरात येते, सोसायटीच्या गेटबाहेर पाटी उतरवते आणि नऊच्या आत निम्मी रिकामी करते. याला एकोणीस वर्षं झाली. तिथे मासळीइतकंच तिचं बोलणं खपतं. रावसाचं तोंड खालच्या अंगाला का, तर तो गढूळ पाण्यात तळ चाचपत खातो. लेप्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला का, तर तो जन्मभर वाळूत आडवा पडलेला. खालच्या डोळ्याने काय वाळू बघणार? शाळेत ती सातवीपर्यंतच गेली, पण या विषयात तिला अडवायची कुणाची टाप नाही.

तिचं घोडं अडलं ते हेकरूपाशी. तिचा नवरा अमृत गळ घेऊन लांबच्या खडकाळ दर्यात जातो आणि हा जाडजूड मासा आणतो. हेकरू राहतो खोल, खडकांच्या कपारींत. त्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते. खाली पाण्याचा दाब असतो तोवर ती गुमान राहते. मासा झटक्यात वर ओढला की फुगते आणि त्याचं पोट उलटं होऊन तोंडातून बाहेर येतं. डोळेही बटबटीत होतात. मासा ताजाच, पण दिसतो भयंकर.

आता हे ध्यान फ्लॅटमधल्या बायकांना दाखवायचं कसं? चांदणीच्या सासूने तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की पाटी डोक्यावर घ्यायच्या आधी अंगठ्याने ते पोट आत ढकलायचं आणि तोंड मिटवायचं. गिऱ्हाइकाला साफ तोंड दिसलं पाहिजे. चांदणीने ते इमानेइतबारे केलं. एका सकाळी मात्र घाई झाली आणि तिने हा कारभार गेटवरच उरकला. नेमकं तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमने ते मोबाइलमध्ये टिपलं.

नीलम परळहून इथे राहायला आलेली, मासे कळणारी बाई. तिचे सासरे नुकतेच दुखण्यातून उठले होते आणि आदल्याच आठवड्यात तिने त्यांना याच पाटीतल्या हेकरूचं कालवण घातलं होतं. तिच्या काळजात धस्स झालं, यात तिचं काही चुकलं असं कसं म्हणावं? दुपारपर्यंत तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिला. मासळी कुजली म्हणूनच आतडी बाहेर आली, असं ठरलं. संध्याकाळी सेक्रेटरी जितेंद्र यांनी चांदणीला फोन करून उद्यापासून गेटवर बसू नका, असं सांगितलं. बिचारे चाचरत बोलत होते, पण बोलले.

चांदणी त्या रात्री नीट जेवली नाही. पाटी दुसरीकडेही लावता आली असती. पण आपल्याला लबाड म्हणून उठवलं, हे तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आलीच. पाटीत एकच हेकरू होता, पोट तोंडाबाहेर, डोळे बटबटीत, जसा गळाला लागला तसा. तिने जितेंद्रांकडे दहा मिनिटं मागितली. नीलम खाली आली, तिच्यामागून आणखी चौघी. चांदणीने माशाचा गाल उचलून आतला लालभडक कल्ला दाखवला, बोटाने दाबलेलं मांस लगेच परत वर येतं हे दाखवलं, मग पोट चिरून फुगून फुटलेली हवेची पिशवी हातावर ठेवली. बायका नाकाला पदर लावायच्या तयारीत होत्या, पण वास यायला हवा ना. नीलमने मान डोलावली आणि मग तिने खरा प्रश्न विचारला. मासा ताजा होता, तर लपवत का होतीस?

चांदणीने ती पिशवी पाटीत ठेवली. एकोणीस वर्षांत तिच्यावर चूक कबूल करायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"तुम्हाला किळस येईल म्हणून," ती म्हणाली. "बाकी सगळ्या माशांचं सांगितलं, याचंच न्हाय सांगितलं. ती चूक माझी हाय. पण खराब मासा मी कुणाच्या घरात दिलेला न्हाय. तुमच्या सासऱ्यांना तर न्हायच न्हाय."

नीलमने तो व्हिडिओ काढून टाकला आणि ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. जितेंद्रांनी घसा खाकरून, बसा, म्हटलं आणि वर अर्धा हेकरू स्वतःसाठी बाजूला ठेवायला सांगितला.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण शांती नगरातल्या बायकांना एकदा गोष्ट पटली की त्या ती सोडत नाहीत. पुढच्या रविवारी पाटीत चकचकीत सुरमई होती. नीलमने ती उलटीपालटी केली, तोंड उघडून आत डोकावून पाहिलं आणि संशयाने विचारलं की हिचं पोट कुठाय. पुन्हा आत ढकललंस ना?

चांदणीने कपाळावर हात मारला. "वहिनी, ही वरच्या पाण्यात पळणारी. शेपटी बघा ना तिची. हिला ती हवेची पिशवीच न्हाय. हिचं पोट बाहेर आलं, तर मीच या गेटवरून उठून जाईन."

नीलमने सुरमई तिच्या पुढ्यात ठेवली आणि ती बाजूच्या पायरीवर बसली.

"उठू नकोस कुठे," ती म्हणाली. "सहा तुकडे कर, डोकं वेगळं दे."