नीरेकाठची राहुटी

माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, तेव्हा आमच्या मामंजींनी राहुटी आणली. एकोणीसशे तीसनंतरच्या सालांतली ही गोष्ट.

सासर कन्हेरीचं. कॅनॉलच्या पाण्यावर पेरूची बाग होती, वांगी आणि कोबी बारामतीच्या बाजाराला जायची. मामंजी म्हणजे माझे सासरे दिवसभर मळ्यात असत आणि फारसं बोलत नसत. त्या साली कॅनॉलचा गोरा साहेब आमच्या शिवारात तंबू ठोकून उतरला. मामंजी त्याला पेरूची पाटी द्यायला गेले आणि तंबूतल्या खुर्चीवर बसून परत आले. रात्री जेवताना म्हणाले, "मानसानं वर्षातनं चार दिस तंबूत ऱ्हायला पायजे."

"का?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

"सायब ऱ्हातो."

"त्येला हितं घर न्हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्या महिन्यात मामंजी पुण्याला गेले आणि जुन्या बाजारातून एक राहुटी घेऊन आले. तिला उंदरांचा वास होता आणि एक खांब कमी होता. दिवाळी झाल्यावर मामंजी, आत्याबाई, आमचे हे आणि मी अशी चौघं बैलगाडीत बसून नीरेकडे निघालो. घर आणि मळा गड्यावर सोडला.

वाटेत सणसरला बैलांना पाणी पाजायला थांबलो. गाडीत अंथरुणं, भांडी, पिठाचा डबा आणि वर राहुटी. विहिरीवरच्या एका म्हाताऱ्यानं गाडीकडे बघितलं आणि दोन पावलं मागं सरकला. "तिकडं पलेग आला का?"

गावात प्लेग आला की माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालत. त्यामुळे त्याचं बरोबर होतं.

"न्हाय, तात्या. गंमत म्हनून नदीवर ऱ्हायला चाललोय," मामंजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं पोरांना हाक मारून घरात घेतलं आणि दार लावलं.

नीरेच्या काठाला दाट बाभळबन होतं, मध्ये मध्ये करंज आणि जांभळी. पाऊस सरून पाणी निवळलेलं, तळाचे गोटे दिसत होते. मामंजी सांगत होते आणि हे मेखा ठोकत होते. राहुटी कशी उभी करतात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. दिवस मावळायच्या सुमारास ती एकदाची उभी राहिली, पण एका अंगाला कलून. आत चौघांना बसता येत होतं आणि तिघांना निजता येत होतं. हे गाडीखाली निजले.

शेजारीच एका धनगर कुटुंबाची मेंढरं बसली होती. त्यांच्यातला म्हातारा विस्तव द्यायला आला आणि आमचा थाट बघत उभा राहिला.

"पावनं, कुनाची वाट बघताय?"

"कुनाची न्हाय, आबा. ऱ्हायला आलोय. उघड्यावर ऱ्हायची गंमत असती म्हनं."

आबांनी बराच विचार केला. "आमी बारा म्हैनं उघड्यावर हाय," ते म्हणाले. "तुमाला घावली तर आमालाबी दावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींना नाव हवी झाली. साहेबाकडं घडीची नाव होती. तिथं नाव नव्हती. जवळ एक गुऱ्हाळ होतं आणि गुऱ्हाळवाल्याकडे एक जुनी काहील पडून होती. उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. आमच्याकडं काहिलीत बसून लोक नदी ओलांडतात, त्यात नवल काही नाही. गुऱ्हाळवाला म्हणाला, संगं मानूस देतो. मामंजी म्हणाले, नको. त्यांनी काहिलीत बसायला पाट ठेवला, हातात छत्री आणि एक वेळूची काठी घेतली, आणि ह्यांनी काहील पाण्यात ढकलली.

काहील गोल असते. तिला पुढं-मागं काही नसतं. धारेला लागताच ती फिरायला लागली. मामंजी एकदा आमच्याकडं तोंड करून गेले, एकदा पाठ करून गेले. तिसऱ्या फेरीला त्यांच्या हातात काठी नव्हती. हे काठानं धावत सुटले. ह्यांना विहिरीत पोहता यायचं, वाहत्या पाण्यात कधी उतरले नव्हते. पुढच्या वळणावर पाणी खडकांतून खाली पडत होतं. त्याचा आवाज आम्हाला इथं ऐकू येत होता. 

आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर करून नदीकडं बघितलं. तव्यावरची भाकरी उलटली, हात धुतले, पदर कमरेला खोचला आणि पाण्यात चालत गेल्या. कमरेएवढं पाणी झालं तरी थांबेनात. मी किंचाळले. पुढच्या क्षणी त्या आडव्या झाल्या आणि पोहायला लागल्या. घाई नाही, पाणी उडवणं नाही. त्या धार कापत तिरक्या गेल्या, वळणाच्या अलीकडं काहील गाठली आणि तिची कडी धरली. मीही काठानं धावत तिथं पोचले होते.

"हलू नगा," त्या म्हणाल्या.

"मी हलतच न्हाय. ही हलतीया."

"मग बोलू नगा."

एका हातानं कडी ओढत, पाय मारत त्यांनी काहील काठाला आणली. ह्यांनी मामंजींना हात देऊन उतरवलं. छत्री अजून उघडीच होती. मामंजी ओल्या आत्याबाईंकडं बघत राहिले.

"तुला पव्हता येतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"ल्हानपनापासनं. माझं म्हायेर भीमेकाठचं हाय."

"कधी बोलली न्हाईस."

"कन्हेरीत कुठं पव्हायचं? वांग्याच्या वाफ्यात?"

मामंजी राहुटीत गेले ते जेवायलाच बाहेर आले. तव्यावरची भाकरी करपली होती. ती त्यांनी मागून घेतली आणि खाल्ली.

दुपारी आत्याबाई केस वाळवत काठावर बसल्या होत्या. तोवर मी त्यांना फार भीत असे, कामापुरतं बोलत असे. त्या दिवशी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, माहेरी नदीच्या वाळूत कलिंगडं लावायचे, आणि पोरी ती पाण्यात ढकलत, मागून पोहत पैलतीराला न्यायच्या. लग्नानंतर नदी दिसली ती सणावारी, तांब्या घेऊन.

"आज भ्या वाटलं न्हाय?" मी म्हणाले.

"वाटलं की. आंग आता जड झालंय. पर हात आपलं आपन चाललं."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर त्यांनी मला हाक मारली. "चल." मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी माझ्या लुगड्याचा काचा घट्ट करून दिला होता. छातीएवढ्या पाण्यात त्यांनी माझ्या पाठीखाली हात घातला. "वर बघ. मान सोड. मी हाय." मी बुडाले, खोकले, पुन्हा आडवी झाले. त्या मोठ्यानं हसल्या. घरात त्यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं. पाठीखालचा हात त्यांनी कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही.

मामंजी म्हणाले, आता घरी जाऊ, मळ्यात कामं पडलीत. आत्याबाई म्हणाल्या, चार दिस म्हनला हुता, चार दिस ऱ्हायचं. चार दिवस झाल्यावर म्हणाल्या, अजून दोन. पीठ संपलं. हे सणसरला आणायला गेले. दुकानदारानं त्यांना लांब उभं केलं आणि पिशवी रस्त्याच्या मधोमध ठेवून दार ओढून घेतलं.

पुढं दर साली दिवाळीनंतर आम्ही नीरेवर जाऊ लागलो. गाडी जुंपायला आत्याबाईच सांगत. मामंजी पुन्हा काहिलीत बसले नाहीत. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून आम्हाला "पाय मार, पाय मार" असं सांगत, आणि बारामतीच्या बाजारात, आमच्यात बायका पव्हत्यात, असं न विचारताही सांगत.

तिसऱ्या साली मी आत्याबाईंबरोबर नदी पार केली. मध्ये एकदा दम तुटला, तेव्हा त्या काही न बोलता माझ्या बाजूला आल्या आणि तशाच राहिल्या. पैलतीराला खडक तापले होते. आम्ही लुगडी पिळली आणि बसलो. अलीकडच्या काठावर मामंजी चुलीजवळ उभे राहून हात हलवत ओरडत होते. चहाची पूड कुठं ठेवली ते त्यांना सापडत नव्हतं.

"काय म्हनत्यात?" आत्याबाईंनी मला विचारलं.

मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. त्यांनाही येत असणार.

"न्हाय कळत," मी म्हणाले.

"मलाबी," आत्याबाई म्हणाल्या आणि खडकावर पाठ टेकून पडल्या.