शालूताईची केमोची ड्युटी

शेवटची भेट झाली तेव्हा शालूताईच्या हाताला सलाईन होतं, आणि ती ते लावणाऱ्या पोरीवरच डाफरत होती. "एकच ग्लोव्ह काहून घातला? एकावर एक दोन घाल म्हणलं होतं न तुले." पोरगी म्हणाली, "सिस्टर, आता तुम्ही पेशंट हाय. पडून राहा न." मी हसलो. आमच्या घराण्यात हसण्याचं कंत्राट माझ्याकडेच असतं. त्यानंतर आठ दिवसांनी ताई गेली... त्याला आता सव्वा महिना झाला.

ताई माझी चुलतबहीण, दारव्ह्याची. यवतमाळातल्या एका खाजगी दवाखान्यात कॅन्सर वॉर्डात सोळा वर्षं नर्स. केमोची औषधं बाटलीतून काढून सलाईनमध्ये मिसळायचं काम तिचं. ही औषधं रोग्याला तारतात, पण बनवणाऱ्याला बाधू शकतात. म्हणून ती हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात बनवायची असतात. ताईला मिळालं होतं खिडकीजवळचं टेबल.

घरी आली की ती कोणाला शिवायची नाही. आधी आंघोळ, गणवेश वेगळ्या बादलीत, मगच लेकरांना जवळ घ्यायची. मी घरातल्या प्रत्येक लग्नात तिची नक्कल करायचो. दोन्ही हात वर, 'शिवू नका मले, बाप्पा!' पंगत हसायची, ताईही हसायची. मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. तिनं मला सगळं समजावून सांगितलं होतं. मी ते पुढच्या नकलेसाठी ऐकून घेतलं.

कपाटासाठी तिनं तीनदा अर्ज दिला. दरवेळी तोंडी "बघू". तिसऱ्या अर्जाच्या वर्षीच रिसेप्शनला माशांची टाकी आली. ताई म्हणाली, "माशायले काच भेटली. आपलाबी नंबर लागन."

वॉर्डातल्या बाकीच्या पोरी नवीन लग्नाच्या. कोणाला दिवस गेलेले, कोणाला जायला हवे असलेले. त्यांच्या वाट्याचं औषध बनवायला ताई उभी राहायची. "मले आता कोणतं लेकरू व्हायचं हाय? दे इकडं, सरक." गेल्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. कामामुळेच झाला असं नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. खरंच नसेल सांगता येत. पण दवाखान्यानं ते वाक्य तत्परतेनं लेखी दिलं. सोळा वर्षांत तिला मिळालेलं ते पहिलं लेखी उत्तर.

तेरवी आटोपल्यावर मी तिचं लॉकर रिकामं करायला गेलो. भिंतीवर ड्युटीचा तक्ता होता. केमो बनवण्याच्या रकान्यात त्या आठवड्याला शालू. पुढच्या आठवड्यालाही शालू.

"सिस्टर, हे नाव..." मी इन्चार्ज बाईंना म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "दोनदा खोडाले गेली, भाऊ. मंग कोणाचं लिहू, ते सांगा तुम्ही."

खिडकीजवळ एक पोरगी पाठमोरी उभी राहून औषध भरत होती. ती वळली तेव्हा दिसलं, तिला सहावा महिना तरी असेल.