तोफेला लावलेलं खोबरेल

काल कात्रपच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या ग्रिलवरचा गंज घासला आणि वर खोबरेल चोळलं. हाताला तो वास आला आणि मी थेट वीस वर्षांमागच्या एका समुद्रकिल्ल्यावर जाऊन पोहोचले.

बाबा आणि मी किनाऱ्याकिनाऱ्याने किल्ले बघत पायी निघालो होतो. चौथ्या दिवशी दोघांच्याही पायांना फोड आले होते. त्यांवर लावायला खोबरेलाची एकच बाटली होती. बुरुजावर गवतात एक गंजकी तोफ पडलेली दिसली. बाबांनी ती सगळी बाटली तिच्यावर रिकामी केली आणि रुमालाने चोळत बसले.

"बाबा, लोक हसतायत. चला ना!"

"ड्युटी संपली तरी लोखंडाला तेल लावल्याशिवाय आम्ही कधी घरी गेलो नाही," अख्खी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काढलेले बाबा म्हणाले. "ही बिचारी कधीपासून खारा वारा खात पडलीय. कोणी विचारत नाही."

मला इतका राग आला की पुढची सगळी वाट मी लंगडतच त्यांच्या पुढे पुढे चालले.

बाबांना रिटायर होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. त्या महिन्यात त्यांनाही कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.