न रेडलेला दोर

माणूस समुद्रावर निघाला की त्याला मागून हाक मारायची नाही. कुठे चाललास म्हणून टोकायचं नाही. काही विसरला असेल तर विसरू द्यायचं. भाकरी विसरला तर उपाशी राहील, हातमोजे विसरला तर गारठेल. पण हाक ऐकली तर तो मागे फिरणार, आणि मागे फिरलेल्या माणसाची बोट त्या दिवशी धक्का सोडणार नाही. स्कॉटलंडमधल्या बकनच्या किनाऱ्यावरच्या कॉल्डहाइथ गावात हे कुणी कुणाला शिकवत नसे. मुलं चालायला लागत तसं हेही त्यांना येऊ लागे.

फेमी वॉर्डलॉला ते शिकावं लागलं. ती दक्षिणेकडची, फाइफमधल्या कोळशाच्या खाणीवर वाढलेली. हिवाळी हेरिंग माशांच्या मागावर तिकडच्या बंदरात आलेल्या वॉटी टेटशी तिने लग्न केलं आणि या गावात आली. पहिल्याच आठवड्यात जेवताना तिच्या तोंडून 'डुक्कर' हा शब्द गेला. अपशकुन टळावा म्हणून सगळे झटकन उठून चुलीच्या लोखंडाला हात लावून आले. वॉटीचा थोरला भाऊ डॉड, जो बोटीचा तांडेल होता, तो म्हणाला, "खाणीत काय ते बोलत असाल. इथे आमच्या डोक्यावर छप्पर नसतं, खाली जमीन नसते."

एक शब्द मात्र तिला आल्यापासून ओळखीचा होता. रेडणं. तिचा बाप खाणीत रेडायचा. सुरुंगानंतर वाटेत कोसळलेला दगड उपसून वाट मोकळी करणं हे त्याचं काम. घरी आला की काळ्या तोंडाने म्हणायचा, "आजचं रेडलं. उद्या पुन्हा पडेल." कॉल्डहाइथमध्ये सकाळी चुलीतली राख रेडत, मुलींचे केस रेडत, खाकरून घसा रेडत. मनात साचलेलं एकदाचं बोलून टाकलं की छाती रेडली. दोघं हमरीतुमरीवर आले की तिसरा ते रेडायला जाई. सासू ऑसला मूळची शेटलंडची. तिच्या बेटावर माणसं नातीसुद्धा रेडत. हातातलं विणकाम न थांबवता ती कोण कुणाच्या चुलत्याचा कोण हे पणजोबांपर्यंत रेडत जाई, जणू लोकरीचा गुंडाच उलगडत असावी.

आणि दोर रेडत. सगळ्यात आधी दोर.

शब्द तोच म्हणून कामही तसंच असेल, असं फेमीला वाटलं होतं. पण दगड पडला की दिसतो. दोराचं तसं नाही. बोट आली की शेकडो गळांचा ओला दोर घरी यायचा, गळांना कालचं सडकं आमिष, आखूड दोऱ्यांच्या एकमेकींत गाठी. तो सगळा सोडवायचा, पुसायचा, प्रत्येक गळाला शिंपल्यातलं मांस नव्याने लावायचं आणि सुपासारख्या उथळ टोपलीत रचायचा. दोर एका बाजूला वेटोळ्यांत, गळ दुसऱ्या बाजूला ओळीने. प्रत्येक ओळीवर वाळूतल्या गवताचा थर, म्हणजे खालचा गळ वरच्यात अडकत नाही. हे सगळं बायकांचं काम. पुरुष फक्त शीड उभारून भरधाव बोटीतून तो दोर पाण्यात जाऊ देतो. तेव्हा ओळ साफ असेल तर गळ एकामागून एक सुटत जातात. साफ नसेल तर गळांचा झुबका उसळून वर येतो आणि समोर जे असेल ते धरतो. बाही, हात, गाल. मागे सगळ्या दोराचं ओझं खाली चाललेलं असतं.

वॉटी आणि डॉडचा बाप असाच गेला होता. त्याचा दोर कुणी रेडला होता, हे गावात कुणी बोलत नसे. ऑसलाच्या घरात दुसरी बाई नव्हती.

त्या जानेवारीत ऑसलाच्या अंगठ्यात गळ रुतला आणि हात मनगटापर्यंत सुजला. पहिल्यांदाच फेमीने एकटीने दोर केला. ऑसला चुलीपाशी सुजलेला हात उशीवर ठेवून बसली होती आणि बघत होती. मधूनच म्हणे, "गवत." थोड्या वेळाने पुन्हा, "पोरी, गवत." मग तापाने तिचा डोळा लागला. फेमी बोटं बधिर होईपर्यंत करत राहिली. टोपली भरली तेव्हा तिला अभिमानही वाटला नाही, इतकी ती थकली होती.

सकाळी समुद्र तव्यासारखा सपाट होता. थंडीत असा दिवस क्वचित मिळतो. वॉटीने चहा घेतला, ओटची भाकरी खिशात घातली, टोपली खांद्यावर घेतली आणि काही न बोलता बाहेर पडला. निघताना बोलायचं नसतंच.

फेमी चूल रेडायला खाली वाकली. बाकाखाली गवताची पेंढी होती.

अख्खी पेंढी. बांधलेली, कोरडी, न सोडलेली. तिने ती हातात घेतली. दोन पेंढ्या तिनेच आणून ठेवल्या होत्या. एक संपली होती. दुसरी ही. म्हणजे मधल्या कुठल्यातरी ओळीपासून गळांवर गळ, मध्ये काही नाही. सासू झोपल्यावर. तिचे स्वतःचे डोळे मिटत असताना.

"आई."

ऑसला जागीच होती. तिने पेंढी पाहिली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"दोर रेडलेला नाही," फेमी म्हणाली. "मी हाक मारू का?"

"हाक मारलीस तर बोट जाणार नाही. नाही मारलीस तर जाईल."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? त्या बोटीवर मी नाही." ऑसलाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली, "हाक मारलीस तर डॉड तुला या गावात राहू देणार नाही. आणि दुसरं ते तर तुला माहीतच आहे."

फेमी पेंढी हातात घेऊनच धावली.

हाक न मारता गाठलं तर? तिला तेवढीच आशा होती. उताराची वाट दंवाने निसरडी झाली होती, तिच्या बुटांचे खिळे दगडांवर वाजत होते. वॉटी खाली बराच पुढे होता. त्याला ते खिळे ऐकू गेले. त्याची मान किंचित ताठ झालेली तिला दिसली. पण तो वळला नाही. उलट त्याने पाय उचलले. मागून कुणी येतंय, ते ऐकायचं नाही, पाहायचं नाही, बोट गाठायची. तो जन्मापासून हेच शिकला होता. ती जितकी जवळ जाई तितका तो भरभर चाले, जणू मागे यमच लागला आहे.

दारांत बायका उभ्या होत्या. एकीने दबक्या आवाजात म्हटलं, "अगं बये, थांब. जाऊ दे त्याला." दुसरीने पदराखाली लपवावं तसं आपलं पोर शालीत ओढून घेतलं.

वॉटी धक्क्यावर पोचला. टोपली हातोहात बोटीत गेली. डॉड सुकाणूपाशी बसला होता, दोघं खलाशी वल्ही लावून बोट ढकलायच्या तयारीत होते. वॉटीने एक पाय बोटीत टाकला.

"वॉटी!"

आवाज पाण्यावरून समोरच्या खडकापर्यंत गेला आणि परत आला. वल्ही थांबली. शेजारच्या बोटींवरच्या माणसांनी माना फिरवल्या, तिच्याकडे नाही, उलट्या बाजूला. मग त्यांनी घाईने आपापल्या बोटी लोटल्या. हाक त्यांच्यातल्या कुणाला लागायला नको होती.

डॉड उठला. सावकाश, एकेक सांधा मोजत उठल्यासारखा. "उतरा रे," तो खलाशांना म्हणाला. "आजचा दिवस गेला." मग धक्क्यावर चढून तिच्यासमोर उभा राहिला. "बोल. कोण मेलं?"

"कुणी नाही."

"आई?"

"आई बरी आहे. दोर रेडलेला नाही. मधल्या ओळींत गवत नाही." तिने पेंढी पुढे केली.

डॉडने पेंढीकडे पाहिलं नाही. "रेडलेला नाही! मग काल चुलीपुढे बसून काय करत होतीस? कोळसा वेचत होतीस?" तो वॉटीकडे वळला. "सांगितलं होतं मी तुला. घोडीला पाण्यात घालून ती मासा होत नाही. बापाच्या खाणीत परत पाठव हिला."

वॉटीने त्याचा गळपट्टा धरला. दोघं भाऊ एकाच मापाचे, एकाच बापाच्या खांद्यांचे. धक्क्याच्या अगदी कडेला, शेवाळावर. खलाशांतला एक ओरडला, "अरे पाणी आहे खाली!" फेमी मध्ये शिरली, कुणी सांगायच्या आत, घरचं भांडण रेडायला शिरावं तशी. डॉडचं कोपर मागे आलं ते तिच्या तोंडावर. ओठ फुटला. ती दगडावर बसली आणि मगच दोघं थांबले.

वॉटीने बोटीतून टोपली उचलून आणली आणि धक्क्यावर उपडी केली.

वरच्या ओळी सुटून गेल्या. मग झुबका आला, माणसाच्या मुठीएवढा, गळांत गळ, मांसाचे लगदे लोंबताहेत. वॉटीने तो दोराला धरून वर उचलला तशी त्याच्यामागून आणखी ओळी वेड्यावाकड्या निघाल्या.

डॉड बघत राहिला. "असले गुंते मी कितीदा पाहिलेत," तो म्हणाला. "चाकूने कापायचे आणि पुढे जायचं."

"बापानेही कापला असता," वॉटी म्हणाला. "त्याच्याकडेही चाकू होता."

डॉडचा चेहरा राखाडी झाला. तो पाठ फिरवून चढावर निघून गेला.

त्या दिवशी काहीही झालं नाही. समुद्र संध्याकाळपर्यंत सपाट राहिला, बाकीच्या सगळ्या बोटी हॅडॉक माशांनी भरून आल्या, आणि टेटांच्या बोटीचे दोघे खलाशी धक्क्यावर हात खिशात घालून दुसऱ्यांचा मासा उतरताना पाहत उभे राहिले. वादळ आलं असतं तर बरं झालं असतं, असं फेमीला वाटलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. जे टळलं ते कुठे दाखवणार? वॉटीचा हात धड होता, पण तो कालही धड होता.

दिवसभर ती धक्क्यावर बसून तो दोर पुन्हा रेडत होती. घरी नेला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावं म्हणून नव्हे, पाय उठत नव्हते म्हणून. ओठ सुजला होता. कुणी तिच्याशी बोललं नाही, कुणी तिला उठवलंही नाही. दुपारी वॉटी शिंपल्यांची बादली घेऊन आला आणि शेजारी बसून चाकूने शिंपले उघडू लागला. पुरुष हे काम उघड्यावर करत नसत.

"डॉड म्हणतो, तुझ्या हातचा दोर पुन्हा बोटीत नको," तो म्हणाला.

"मग तू काय म्हणालास?"

"मग मीही नको, म्हणालो."

"बोट तिघांवर जाईल?"

"नाही जाणार." त्याने एक शिंपला उघडला. "आणि तू मागून हाक मारलीस. माझी छातीच फाटली असती, फेमी. मला वाटलं, आईच गेली."

"आणि मला काय वाटलं असेल?"

त्याने गवताची पेंढी सोडून तिच्या हाताजवळ ठेवली.

दुसऱ्या सकाळी वॉटी टोपली समोर ठेवून बूट न घालता बसला होता. ऑसला चुलीपाशी, फेमी खिडकीत. बाहेर ओहोटी लागायची वेळ होत आली होती. आता निघाले नाहीत तर बोट चिखलात बसणार. बाकीच्यांच्या बुटांचे आवाज उताराने खाली गेले. मग एक बूट दारापाशी थांबला.

डॉड आत आला नाही. उंबऱ्याबाहेर समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. तांडेलाने निघताना कुणाच्या दारात थांबणं हेसुद्धा गावाला नवीन होतं.

"रेडलाय?" त्याने विचारलं. वॉटीला नाही. पाठीने विचारलं, पण कुणाला ते सगळ्यांना कळलं.

ऑसलाने फेमीकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर दोघं भाऊ त्याच पावली निघाले असते. दोर तिने स्वतः केला होता, दिवसाउजेडी, प्रत्येक ओळ हाताने चाचपून. तिला माहीत होतं. कालच्या आदल्या दिवशीही आपल्याला माहीत आहे असंच तिला वाटलं होतं.

"थांबा," ती म्हणाली.

तिने टोपली खिडकीच्या उजेडात ओढली, गुडघ्यांवर बसली आणि वरचा थर उचलला. बाहेर पाणी उतरत होतं. धक्क्यावरून खलाशांनी शीळ घातली, मग दुसरी. वॉटीने एक बूट चढवला आणि दुसरा हातात धरून राहिला. ती ओळीमागून ओळ उलटत गेली, आणि शेवटचा गळ तिच्या हाती येईपर्यंत डॉड टेट टोपी डोळ्यांवर ओढून दारात उभा राहिला.